कानाने शिकलेली पेटी

मराठीच्या प्राध्यापिकेने परदेशाहून परत आल्यावर काय लिहावे, याचे काही संकेत ठरून गेले आहेत. नायगाऱ्याचा धबधबा, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, तिकडच्या महाराष्ट्र मंडळातला गणपती आणि समारोपाला मायभूमीची आठवण. माझी अडचण अशी की, मी नायगारा पाहिला नाही आणि न्यूयॉर्क विमानतळाच्या काचेतून दिसले तेवढेच. साडेपाच महिने मी अमेरिकेत होते, ते लुइझियाना राज्यातल्या लाफाएट या गावी. आणि त्यातला बराचसा काळ शेजारच्या घराच्या मोटार ठेवायच्या छपराखाली, ऐंशी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्यासमोर लोखंडी खुर्चीवर बसून, दहा बटणांच्या एका पेटीशी झोंबण्यात गेला. त्या झोंबीची ही हकीकत.

झाले असे. २०२३ च्या एप्रिलात माझ्या धाकट्या बहिणीला जुळे मुलगे झाले. आईला बाळंतपणाला जायचेच होते. पण सत्तरी उलटलेली बाई, इंग्रजीचा गंध नाही, वाटेत दोनदा विमान बदलायचे. तेव्हा "ताई, तूच घेऊन ये तिला," असे बहिणीचे फर्मान आले. मी उन्हाळ्याच्या सुटीला बिनपगारी रजेचे शेपूट जोडले आणि निघाले. तिथे पोचल्यावर लक्षात आले की, दोन बाळे, एक बाळंतीण आणि त्या सर्वांवर राज्य करणारी आजी, एवढ्या संसारात मावशीला फारसे काम उरत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी कुंपणापलीकडून पेटीचा आवाज आला. मी चमकलेच. भात्यातला वारा पत्तीला लागून निघणारा तो सूर मी कुठेही ओळखीन. माझे बालपण त्या आवाजात गेले आहे. पण ही पेटी आपली नव्हती. ती धापा टाकत होती, हुंदके देत होती, मध्येच खदखदून हसत होती. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. म्हातारा थांबला, टोपी किंचित उचलून म्हणाला, "ये ना, शा, आत ये." 'शा' म्हणजे त्यांच्या बोलीत 'बाळ', 'पोरी'. चाळिशी उलटलेल्या बाईला फार दिवसांनी कोणी पोरी म्हटले, तर ती कुंपण ओलांडते. मी मनातल्या मनात त्यांचे नाव 'बुवा' ठेवून टाकले.

इथे आमच्या अण्णांविषयी सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे सगळे निरर्थक वाटेल.

अण्णांचे कराडला शिवणकामाचे दुकान होते. दिवसभर पाय मशीनवर आणि एकादशीच्या रात्री बोटे पेटीवर. पेटी त्यांना कोणी शिकवली नव्हती. कीर्तनात, तमाशात, रेडिओवर जे ऐकले ते घरी येऊन पट्ट्यांवर शोधायचे. स्वरांची नावे त्यांना ठाऊक नव्हती. 'काळी दोन' आणि 'पांढरी चार' एवढाच त्यांचा शास्त्राशी संबंध. मला मात्र त्यांनी क्लासला घातले, परीक्षांना बसवले. तेराव्या वर्षी प्रवेशिका पूर्ण होऊन आलेली मी, वहीत स्वरलिपी लिहिणारी, एका एकादशीला भजनी मंडळी जमली असताना अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. ते एक गौळण वाजवत होते. संपल्यावर मी चारचौघांत म्हणाले, "अण्णा, हा खमाज आहे. खमाजात चढताना शुद्ध निषाद लागतो. तुम्ही कोमल घेताय. चूक आहे ते."

मंडळी हसली. कौतुकानेच हसली असतील. अण्णा "बरं" म्हणाले आणि पुढची चाल सुरू केली. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यादेखत घरात पेटी उघडली नाही. देवळात वाजवत होते, मी शाळेत गेल्यावर वाजवत होते, असे आई सांगे. मी पुढे वाङ्मयाकडे वळले, क्लास सुटला. २००९ साली अण्णा गेले. त्यांची पेटी माझ्याकडे आहे आणि तिच्यावर वह्यांचे गठ्ठे ठेवलेले असतात.

तर आता बुवांच्या पेटीकडे येऊ. केजन अॅकॉर्डियन हे वाद्य बेताचे, फूटभर उंचीचे, मांडीवर मावणारे. उजव्या हाताला दहा बटणे एका ओळीत. डाव्या हाताला खर्जाचे आणि साथीच्या स्वरसमूहाचे असे दोन चमचे. वर चार खटके. आणि मध्ये भाता. अॅकॉर्डियनचे एकस्व व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने १८२९ साली घेतले, हार्मोनियमचे पॅरिसच्या देबेनने १८४२ साली. दोन्हींच्या पोटात वाऱ्याने थरथरणारी धातूची पत्तीच. म्हणजे आपली पेटी आणि ही पेटी चुलत बहिणी होत. एक द्वारकानाथ घोषांच्या हातून कलकत्त्याला मांडी घालून बसायला शिकली, दुसरी दलदलीच्या मुलखात जाऊन नाचायला शिकली.

नात्याच्या भरवशावर मी बुवांना म्हणाले, "मला येईल हे. मी हार्मोनियम वाजवलेली आहे." बुवांनी एक जुनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली. पाच मिनिटांत माझी घमेंड उतरली.

आपल्या पेटीत भाता हा सेवक असतो. तो वारा पुरवतो. कोणता सूर वाजणार हे बोट ठरवते. इथे तसे नाही. एकाच बटणाने भाता दाबताना एक सूर निघतो, ओढताना दुसरा. दाबताना सा, ग, प. ओढताना रे, म, ध, नी. म्हणजे सा दाबून, तेच बटण धरून रे ओढून. शेजारचे बटण ग दाबून, तेच म ओढून. पुढचे प दाबून, ध ओढून. इतके हाताला कळते न कळते तोच क्रम उलटतो: पुढच्या बटणावर आधी ओढून नी आणि मग दाबून वरचा सा. अर्थात हे कोष्टक मीच वहीत मांडले. बुवांनी ते पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर असेल. मी कधी मोजलं नाही."

त्यांची शिकवण्याची रीत म्हणजे न शिकवण्याची रीत. एक वॉल्ट्झ सबंध वाजवायची. पुन्हा सबंध वाजवायची. मी विचारी, "पहिला स्वर कोणता?" ते म्हणत, "ऐक." आणि पुन्हा सबंध! तुकडे करून देणे त्यांना जमतच नव्हते. मध्येच थांबायला सांगितले की त्यांचा हात गोंधळे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागे. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी म्हणाले, "आता गा."

"शब्द येत नाहीत."

"शब्द कोण मागतंय? ला ला कर. तोंडातून निघत नाही, तर बोटातून कुठून निघणार?"

मी गायले आणि मला कळून चुकले की, मला ती चाल येतच नव्हती. तीन दिवस मी चाल ऐकत नव्हते. मी स्वर ओळखत होते. हा ग, हा प, हा पुन्हा ग, असे मनातल्या मनात लिहून घेत होते आणि लिहिण्याच्या नादात चाल कानावरून वाहून जात होती. वर्गात मी कविता शिकवते तेव्हा समोरची मुले नेमके हेच करीत असतात, आणि मी ओरडते, "आधी ऐका, मग लिहा!"

मग वही घरी ठेवून जाऊ लागले. घरी काम करताना चाल गुणगुणायची, बाळांना मांडीवर घेऊन गुणगुणायची. ती तोंडात मुरली की छपराखाली जायचे. आणि एक गंमत दिसू लागली. बोटे चुकत, पण भाता आपोआप वळे. भाता म्हणजे त्या वाद्याचा श्वास. चालीत जिथे उसासा आहे तिथे तो ओढला जातो, जिथे ठाम सांगणे आहे तिथे दाबला जातो. अंगठ्याखाली वारा सोडण्याचे एक निराळे बटण असते. ते वेळेवर दाबले नाही तर भर ओळीत भाता संपतो आणि वादक धावत्या गाडीमागे राहिलेल्या उतारूसारखा उभा राहतो. माझे असे शेकडो वेळा झाले. बुवा फक्त म्हणत, "दम पुरव." फोनवर ध्वनिमुद्रण करून, ते सावकाश लावून शिकण्याचा आधुनिक उपायही मी गुपचूप केला. स्वर सगळे सापडले. पण सावकाश केलेल्या चालीचा झोका नाहीसा होतो. झोका सोडून उरलेल्या स्वरांना काय करायचे?

या सगळ्या परंपरेत कागद आला तो फार उशिरा. केजन लोक म्हणजे मूळचे अकेडियन, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाकडचे फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावले. त्यातले पुष्कळजण भटकत लुइझियानाच्या पाणथळ मुलखात येऊन रुजले. अॅकॉर्डियन आली ती जर्मन बनावटीची, काळ्या रंगाची. नाचाच्या गलबल्यात एकट्या फिडलचा आवाज बुडून जाई, हिचा बुडत नसे. नाचाला आईबाप पोरांसकट येत आणि पोरांना शेजारच्या खोलीत निजवत. म्हणून त्या नाचालाच 'फे दो-दो' म्हणू लागले. त्यांच्या अंगाईतला 'दो-दो' आणि आपला 'जो-जो' यांचे नाते भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाहीत, पण हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपलंच की." आमच्याकडे तर उलटा 'दो-दो' होता. बाळे निजली की पेटी बंद!

पहिली केजन ध्वनिमुद्रिका १९२८ साली निघाली, जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांची. त्याच्या पुढच्याच वर्षी आमेदे आर्दवाँ नावाचा कृष्णवर्णी वादक ध्वनिमुद्रणाला बसला. १९३४ पर्यंत त्याच्या ३४ चिजा निघाल्या आणि आजची केजन पेटी बरीचशी त्या ३४ चिजांवर उभी आहे. त्याच्या जोडीला फिडलवर डेनिस मॅगी, तो गोरा. त्या काळात ही जोडी म्हणजे धाडसच! एका नाचाच्या वेळी गोऱ्या यजमानांच्या घरातल्या बाईने आर्दवाँला घाम पुसायला हातरुमाल दिला, तेवढ्यावरून त्याला रस्त्यात गाठून मारले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १९४२ साली तो मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात वारला. मध्यंतरी गिटार-फिडलचा जमाना येऊन अॅकॉर्डियन मागे पडली होती. ती परत आणली आयरी लेज्यून या जवळजवळ आंधळ्या तरुणाने, १९४८ साली, एका वॉल्ट्झच्या ध्वनिमुद्रिकेने. तो शिकला होता नात्यातल्या वडीलधाऱ्यांचे ऐकून आणि आर्दवाँच्या तबकड्या ऐकून. सव्विसाव्या वर्षी, १९५५ साली, रस्त्याकडेला मोटारीचे चाक बदलताना दुसऱ्या मोटारीने उडवले आणि गेला. बुवांनी त्याला लहानपणी एका नाचात पाहिले होते. "दिसत नव्हतं त्याला फारसं," ते म्हणाले, "पण ऐकायचा असा की, आपल्याला भीती वाटावी."

बुवांना फ्रेंच बोलता येते, लिहिता-वाचता येत नाही. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजीखेरीज दुसरी भाषा हद्दपार केली; आवारात फ्रेंच बोलणाऱ्या पोराला शिक्षा म्हणून 'मी फ्रेंच बोलणार नाही' अशा ओळींवर ओळी लिहाव्या लागत. बुवांनीही लिहिल्या, इंग्रजीतून! १९६८ साली त्याच राज्याने फ्रेंच जगवण्यासाठी मंडळ नेमले, पण तोवर बुवा लग्न होऊन बाप झाले होते आणि शिक्षेच्या धसक्याने त्यांनी मुलांशी फ्रेंच बोलणे टाळले होते. मुलांना बापाची भाषा येते ती गाण्यांपुरती.

एक दिवस मी चोरी करताना पकडले गेले. वॉल्ट्झचे शब्द पाठ होईनात, म्हणून देवनागरीत लिहून ओच्यात ठेवले होते. फ्रेंचमधले नाकातले स्वर आपल्या चंद्रबिंदूने किती छान पकडता येतात! बुवांनी कागद मागितला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"हे काय?"

"तुमचं गाणं. माझ्या लिपीत."

"वाच."

मी अर्थ न कळता, अक्षर अक्षर वाचून दाखवले. बुवा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "माझ्या आईसारखं बोललीस." फ्रेंच लिपीतून वाचणारे पॅरिसच्या वळणाने वाचतात आणि इंग्रजी वळणाने वाचणारे निराळेच काही वाचतात, मी बुवांचाच उच्चार टिपलेला, तोच परत आला. कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला परत दिला नाही. "तुला आता पाठ करावं लागेल," असे वर म्हणाले.

एका शनिवारी बुवांच्या मुलाने आम्हाला यूनिसला नेले. तिथे मार्क सव्वा या वादकाने १९६६ साली वाद्यांचे दुकान थाटले. महायुद्धानंतर जर्मन पेट्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राउनने जुन्या पेट्या उकलून, पाहून नव्या बनवल्या. सव्वांनी ती कारागिरी पुढे नेली. शनिवारी सकाळी दुकानात लोक जमतात आणि वाजवतात. म्हातारे, पोरे, नवशिके सगळे एका घोळक्यात. समोर कागद कोणाच्याच नाही. मी मागे बसून नुसते ऐकले. मला एकदम मारुतीच्या देवळातली एकादशी आठवली.

पण मला खरा धक्का दिला तो गांधाराने. बुवांच्या पेटीचा गांधार मला आपल्या पेटीपेक्षा किंचित उतरलेला वाटे. विचारले तर म्हणाले, "पेटी बनवणारे तो मुद्दाम खाली घेतात. वर असला की बोचतो." वाचकहो, हा तर तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार! आपल्या पेटीचा गांधार त्याहून, अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने, चढा असतो. याच कारणासाठी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमंट्ससाहेबांनी गेल्या शतकाच्या आरंभी श्रुतींची हार्मोनियम बनवण्याचा खटाटोप केला. याच आणि इतर दोषांवर बोट ठेवून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर उभे केले. पंडितांनी जे गणित मांडून सिद्ध केले, ते या मंडळींनी 'बोचतो' या एका शब्दात उरकले होते.

जुलै संपता संपता बुवांनी एक नवीन चाल वाजवली. ऐकताना काहीतरी ओळखीचे वाटले. पेटी तीच, पण 'घर' बदलले होते. चाल नेहमीच्या षड्जावर विसावत नव्हती, पंचमावर विसावत होती. मी प ला सा मानून ऐकले, तेव्हा उलगडा झाला: सगळे शुद्ध, निषाद तेवढा कोमल. केजन वादक हे नित्य करतात; आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. बिलावलाच्या पंचमाला षड्ज केले की खमाज थाट उभा राहतो, हे मी तेराव्या वर्षी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते. मांडीवर घेऊन वाजवले मात्र आज, तिसेक वर्षांनी.

त्या रात्री झोप लागली नाही. अण्णांची गौळण डोक्यात फिरू लागली. मी ती कधी लिहून घेतली नव्हती. चुकीच्या चालीला कोण लिहून घेतो? पण ती होती, सबंध होती. दुसऱ्या दिवशी बुवा डॉक्टरकडे गेलेले होते. मी पेटी बहिणीच्या घरी आणली, मागच्या ओसरीत बसले आणि शोधू लागले. आता सा, म, ध दाबून; रे, ग, प आणि कोमल नी ओढून. पहिली ओळ तासाभराने हाताला लागली. अंतऱ्याला चढताना निषाद आला. जुन्या सवयीने बोट शुद्ध निषाद शोधू लागले. तो तिथे नव्हता. या पेटीत तो असूच शकत नाही. दाबा, ओढा, काही करा, दहा बटणांत तो स्वरच नाही. चढताना कोमल निषादच घ्यावा लागतो, अण्णांसारखा. मी घेतला. ओळ सरळ जाऊन वरच्या षड्जाला टेकली. तिथे दुसरा स्वर बसलाच नसता. आज कोणी विचारले तर मी म्हणेन, ती चाल झिंझोटीच्या अंगाने जाते. झिंझोटीत एक कोमल निषादच असतो. पण अण्णा काही झिंझोटी वाजवत नव्हते. ते गौळण वाजवत होते.

दोन-तीन दिवस मी ती बाळांच्या झोपेच्या वेळा चुकवून घोटली. एका सकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता, दम न संपता वाजली. स्वयंपाकघरात आई डिंकाचे लाडू वळत होती. मागे वळून पाहिले तर ती दारात उभी, दोन्ही हात तुपाचे, म्हणून पदरही सावरता येत नव्हता.

काही वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "दुसऱ्या ओळीनंतर तू लगेच पुढं जातेस."

"मग?"

"ते थांबायचे तिथं. टाळकऱ्यांना जागा द्यायचे."

मी भाता मिटला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. दुसऱ्या ओळीशी थांबले. आईने तुपकट हातांनीच, ओसरीच्या खांबावर, टाळाचा ठेका दिला.